गबरूची शेवटची रिळं

देवराव गेले तेव्हा मयताला आलेल्या निम्म्या लोकांना ते काय काम करत होते हे नीट ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे सिनेमात होते, कोणी म्हणे थेटरात गेटकीपर होते. एका शहाण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "यायनं कोन्या पिक्चरमंदी काम केलं होतं गा?" मी म्हटलं, यांनी शेकडो पिक्चरमध्ये झोपायचं काम केलं. त्याला राग आला. आपल्याकडे मेलेल्या माणसाबद्दल खरं बोललं की लोकांना चेष्टा वाटते.

देवराव आमच्या ऑफिसात फिल्म रिप्रेझेंटेटिव्ह होते. नागपुरात सीताबर्डीवर एका अरुंद जिन्याच्या टोकाला आमच्या दोन खोल्या. मुंबईच्या कंपन्यांचे पिक्चर घ्यायचे आणि विदर्भातल्या थेटरांना, जत्रेतल्या तंबूंना ते भाड्याने चालवायला द्यायचे, हा आमचे मालक गणपतराव यांचा धंदा. मी तिथे बुकिंग क्लार्क. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे पिक्चरच्या डब्यांबरोबर हिंडणारा माणूस. डबे एसटीच्या टपावर चढवायचे, गावी उतरवायचे, तंबूवाला आपल्याला फसवत नाही ना ते पाहायचं, तुटलेली रिळं जोडायची आणि खेळ आटोपला की पुढची एसटी धरायची. नाव इंग्रजी असल्यामुळे लोकांना ते मोठं वाटायचं. भीमाबाईंना, म्हणजे देवरावांच्या बायकोला, कधी वाटलं नाही. नवरा दारात दिसला की त्या म्हणायच्या, "या पाहुणे."

उंच, वाकलेला माणूस. खांद्यावर डबे वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. कुठेही झोपायचे, एसटीत, तंबूच्या दारात, रिळांच्या पेटीवर बसल्या बसल्या. पडद्यावर तलवारी खणखणत असल्या तरी यांची मान छातीवर. "कसं काय देवराव?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालून राह्यलं." ते अशा आवाजात म्हणायचे की ऐकणाऱ्याचेही पाय दुखायला लागावेत. मला त्या वेळी त्यांचा कंटाळा यायचा. तरुणपणी दमलेल्या माणसांचा येतोच.

फक्त एका पिक्चरला हा माणूस जागा असायचा. 'गबरू की कसम'.

बोलपट नुकते निघाले होते त्या काळातला, चौतीस-पस्तीस सालचा पिक्चर. गबरू हा त्यातला कुत्रा. कुत्र्याने शपथ नेमकी कशी घेतली हे आम्हाला कोणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. मालकाचा खून होतो, गबरू खुन्याला हुडकून काढतो आणि शेवटी मालकाच्या समाधीवर उपाशीपोटी प्राण सोडतो, एवढी गोष्ट. पाटीवर कुत्र्याचं नाव आधी आणि नायकाचं त्याच्या खाली. ते योग्यच होतं, कारण त्या जुन्या आवाजात माणसं पाण्यातून बोलल्यासारखी वाटायची, पण गबरूचं भुंकणं अगदी स्वच्छ. त्यामुळे सगळ्यात चांगले संवाद त्याचेच.

असा पिक्चर साठ सालानंतर कोण पाहणार? पण आमच्याकडे पाहत होते. नरखेड तालुक्यातल्या गावांत तर त्याचा एक रिवाजच पडला होता. शेवटचं रीळ लागलं, गबरू समाधीवर आडवा झाला, की बायका पदराआडून भाकरीचा तुकडा काढायच्या आणि उठून पडद्यापाशी ठेवून यायच्या. गबरूचा तुकडा. घरची गाय गेली असेल, बैल गेला असेल, कुत्रं गेलं असेल, त्याच्या नावानेही ठेवायच्या. हे कोणी सुरू केलं माहीत नाही. खेळ संपल्यावर देवराव ते तुकडे गोळा करून तंबूमागच्या कुत्र्यांना घालायचे. ज्वारीची भाकर ताजी असली तर एखादा तुकडा गबरूच्या वतीने स्वतःही खायचे.

पण ते जागे राहायचे ते या तुकड्यासाठी नाही. ते जागे राहायचे बेलखेडीच्या रुखमाबाईंसाठी.

बेलखेडी म्हणजे संत्र्याचे बगीचे आणि महादेवाचं देऊळ. 'गबरू' काढणाऱ्या निर्मात्याची सासुरवाडी तिथली. सासऱ्याचा बगीचा फुकट, जेवण फुकट, म्हणून कंपनीने काही दृश्यं तिथे घेतली. त्यातल्या एका दृश्यात गबरू पडद्याच्या डाव्या बाजूने बगीच्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धावत येतो आणि त्याच्या मागे एक सात-आठ वर्षांचा पोरगा "गबरू! ए गबरू!" असा ओरडत पळतो. दहा-पंधरा सेकंदांचं काम. तो पोरगा रुखमाबाईंचा शालिकराम. घरात शालिक. पुढच्याच पावसाळ्यात गावात पटकी आली आणि शालिक गेला. त्याच्या पाठीवर मूल झालं नाही, पुढे नवराही गेला. त्या काळात खेड्यात फोटो कोण काढणार? शालिकचं जगात जे काही उरलं होतं ते आमच्या डब्यातल्या दुसऱ्या रिळात होतं.

पोरगा पिक्चरसाठी पळाला एवढंच रुखमाबाईंना ठाऊक होतं, तो पिक्चरमध्ये उरलाय हे वीस-बावीस वर्षं ठाऊकच नव्हतं. बेलखेडीच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत तंबू यायला लागला तो बाबारावांचा, आणि पहिल्या वर्षी त्यांनी नेमका 'गबरू' लावला. दुसरं रीळ चालू असताना बायकांच्या बाजूने "शालिक! माहा शालिक!" अशी किंकाळी उठली. पेटीवर झोपलेले देवराव दचकून खाली पडले. मशीन बंद करावं लागलं. तेव्हापासून दरवर्षी ते गणपतरावांच्या मागे लागून शिवरात्रीला बेलखेडीसाठी 'गबरू' मागून घ्यायचे. प्रिंट जुनी झाली होती, प्रत्येक खेळाला कुठे ना कुठे तुटायची, आणि तुटली की खराब भाग कापून पुढचं-मागचं जोडावं लागे. पण शालिकचा तुकडा देवराव जपायचे. नायिकेचं अख्खं गाणं त्यांनी कापून कापून अर्ध्यावर आणलं, या तुकड्याला कात्री लावली नाही.

रुखमाबाईंनाही शालिक नीट दिसत नव्हता, ही त्यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा. पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. एका वर्षी मी देवरावांबरोबर गेलो होतो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तोंड नाही दिसत भाऊ त्याचं. पयते तेवढं समजते. अन् आवाज समजते. माहाच हाय तो." (पयते म्हणजे पळतो.) बोलताना त्या हसत होत्या. देवराव खाली मान घालून त्यांनी दिलेलं संत्रं सोलत होते.

अडुसष्ट साल लागलं आणि मुंबईहून एका पार्टीचा, म्हणजे पिक्चर काढणाऱ्या कंपनीचा, माणूस ऑफिसात आला. त्या पार्टीने 'गबरू'ची कथा विकत घेतली होती, नवा रंगीत पिक्चर काढायचा होता, आणि जुना कुठेही चालता कामा नये अशी अट होती. मूळ निगेटिव्ह मुंबईला सडूनच गेलं होतं. दुसऱ्या प्रिंटा आधीच नष्ट केल्या होत्या. आमची तेवढी उरलेली. आमच्या धंद्यात पिक्चरचा हक्क संपला की साक्षीदारांसमोर रिळांवर कुऱ्हाड चालवायची पद्धत असते. तो माणूस त्याच कामाला आला होता. (त्यांचा रंगीत पिक्चर पुढे कधी निघाला नाही, हेही सांगून टाकतो.)

देवराव आयुष्यात पहिल्यांदा मालकांसमोर खुर्चीवर बसले. म्हणाले, "बेलखेडीची शिवरात्र होऊ द्या. मंग काय तोडाचं थे तोडा." गणपतरावांनी बाबारावांना शब्द दिलेला होताच, त्यामुळे त्यांनी पार्टीच्या माणसाला कसंबसं राजी केलं. तो म्हणाला, मी डब्यांबरोबर येतो, शेवटचा खेळ झाला की तिथेच सील करतो आणि घेऊन निघतो. साक्षीला ऑफिसचा कोणी पाहिजे म्हणून मला पाठवलं.

दुपारी बेलखेडीत उतरलो. देवराव डबे तंबूत टाकून सरळ रुखमाबाईंच्या घरी गेले. शेवटची खेप आहे, पुढे बसा, हे त्यांना सांगायचं होतं. दारात त्यांची जाऊ गोपिका भेटली. "जीजी त नागपूरले हाय," ती म्हणाली. "धंतोलीत डोळ्याचं आप्रेशन झालं न तिचं, महिना-दीड महिना झाला. आता चष्म्यासाठी गेली. चार-आठ दिस तरी येत नाही."

पार्टीचा माणूस देवळाकडे जेवायला गेला होता. देवराव तंबूतल्या कापडी केबिनमध्ये शिरले, दुसरं रीळ काढलं, शालिकचा तुकडा शोधला आणि दोन्हीकडून कात्रीने कापून घेतला. पुढचं-मागचं रीळ जोडून पुन्हा डब्यात ठेवलं. आठ-दहा हातांची पट्टी. ती लपवायची म्हणून घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात कोंबली. फिल्मवाला माणूस कधी फिल्मची घडी घालत नाही. मी तसं म्हणालो तर म्हणाले, "मंग काय डोक्यावर बांधू? तो येऊन राह्यला पाहा." मला त्यांचं वागणं बरोबरच वाटलं. बाई येणार नाही, प्रिंट तर मरणारच आहे, निदान तिचं लेकरू तिच्या हाती पडेल.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. पार्टीचा माणूस केबिनमध्ये डब्यांवर जाऊन बसला आणि हलेना. पहिलं रीळ अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात तंबूच्या दारात रुखमाबाई.

नागपूरच्या एसटीतून उतरून त्या घरी न जाता सरळ इकडे आल्या होत्या. काखेत गाठोडं, डोळ्यांवर इतक्या जाड भिंगांचा चष्मा की त्यामागे डोळे बैलाएवढे दिसत होते. धापा टाकत म्हणाल्या, "सुरू झाला का भाऊ? शालिक गेला का?"

"नाही माय, याचा हाय अजून," देवराव सवयीने बोलून गेले.

"चष्मा उद्या देतो म्हने तो. म्या म्हटलं, आजच पाह्यजे. उद्या काय करू त्याचं?" त्यांनी चष्मा हाताने सावरला. "आता तोंड दिसन त्याचं. एवढ्यासाठी डोया कापून घेतला म्या." आणि त्या पुढे जाऊन जमिनीवर बसल्या.

देवरावांनी मला दंडाला धरून तंबूच्या मागे नेलं. "कसं करू गा मनोहर?"

दुसरं रीळ अजून लागायचं होतं. तंबूत मशीन एकच, त्यामुळे दोन रिळांच्या मध्ये पाच-दहा मिनिटं थांबावंच लागायचं. तेवढ्यात पट्टी परत जोडता आली असती. पण जोडायची म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांसमोर खिशातून काढायची, आणि मग खेळ संपल्यावर ती डब्यात बंद होऊन कुऱ्हाडीखाली जाणार. देवरावांची नोकरी जाणार ते वेगळंच, पण ते त्याबद्दल बोललेच नाहीत. ते म्हणाले, "जोडला त एक खेप दिसन अन् गेला. ठेवला त तिच्यापाशी जनमभर राहीन." थोडा वेळ ते बंडीच्या खिशावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "राहू दे. राहीन तिच्यापाशी."

आयुष्यभर फिल्म हाताने धरलेल्या माणसाने केलेला हा हिशेब होता. आम्हाला फिल्म म्हणजे वस्तू. डब्यात मावते, खांद्यावर दुखते, हातात घेता येते. हातात आहे तोवर गेली नाही, असंच आम्हाला वाटायचं.

दुसरं रीळ लागलं. गबरू डाव्या बाजूने आला, आणि पडदा एकदम हलून नायिका विहिरीवर पाणी काढताना दिसली. मी रुखमाबाईंकडे पाहत होतो. त्या वाट पाहत राहिल्या. मग शेजारणीला विचारलं, "गेला का वं?" शेजारीण म्हणाली, "आज नाही आला वाट्टे." रुखमाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "आला असन. आवाजही नाही आला वं मले." पुढचा सगळा खेळ त्या चष्मा काढत होत्या आणि घालत होत्या. शेवटी सगळ्या बायकांबरोबर उठून गबरूचा तुकडा मात्र ठेवून आल्या.

जाताना त्या देवरावांपाशी थांबल्या. पार्टीचा माणूस तिथेच लाख वितळवून डब्यांना सील करत होता. "आप्रेशन बिघडलं वाट्टे भाऊ," त्या म्हणाल्या. "सारं दिसलं. तोच नाही दिसला." देवरावांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. त्या माणसासमोर काय बोलणार? मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती, आणि त्या माणसाचा इतका राग.

सकाळच्या पहिल्या एसटीने तो डबे घेऊन नागपूरला गेला. जत्रा आणखी दोन दिवस होती, तंबूत आमचाच दुसरा पिक्चर लागायचा होता, म्हणून आम्ही थांबलो. एसटीची धूळ खाली बसायच्या आत देवराव रुखमाबाईंच्या अंगणात. त्या ओट्यावर बसल्या होत्या, चष्मा बाजूला काढून ठेवलेला. देवराव समोर जमिनीवरच बसले.

"माय, तुमचा डोया बरा हाय. काल पिक्चरमंदी शालिक नव्हताच. म्याच कापून घेतला."

"काहून गा?"

त्यांनी सगळं सांगितलं. पिक्चर आता कायमचा गेला तेही सांगितलं, आणि खिशातून पट्टी काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली. रुखमाबाईंना आधी एवढंच कळलं की ऑपरेशन बिघडलं नाही. त्या मोठ्याने हसल्या. मग चष्मा घालून पट्टी उन्हाकडे धरली. देवरावांनी रिळं तपासायचं भिंग पुढे केलं. बराच वेळ त्या त्यातून पाहत होत्या.

"सदरा त्याचाच हाय," त्या म्हणाल्या. "मोहरीएवढं तोंड हाय, पन त्याचंच हाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. देवरावांच्याही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगत होतो ना, अशा नजरेने. त्यांच्या तोंडावरचा थकवा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला.

रुखमाबाईंनी पट्टी पुढे सरकवली. पुढचं चित्र पाहिलं. त्याच्या पुढचं पाहिलं. आणखी सरकवली. मग भिंग खाली ठेवलं.

"हा उभाच हाय भाऊ."

"पयतो न माय. हा पाय पाहा, उचललेला हाय."

"उचललेला हाय. उभा हाय. सारेच उभे हाय." त्यांनी पट्टी उलटसुलट केली. "अन् हाक कुठी हाय त्याची?"

देवरावांनी पट्टीच्या काठावरची बारीक नागमोडी रेघ दाखवली. हाच आवाज, ते म्हणाले. रुखमाबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "मशीनीत लावा न गा," त्या म्हणाल्या.

आता देवरावांना खरं ते सांगावंच लागलं. घडी घातल्याने पट्टीची काठाची भोकं जागोजागी फाटली होती आणि मशीनचे दाते त्याच भोकांत बसतात. शिवाय ही जुन्या जातीची फिल्म, दिव्यासमोर क्षणभर अडकली तरी पेटते. "एक खेप चालन माय, चालली त. मंग काईच उरत नाही. देवापाशी ठेवा. दिव्याजवळ नोका ठेवू फक्त. जनमभर राहीन तुमच्यापाशी."

रुखमाबाईंनी पट्टीची गुंडाळी केली. नीट, हळू, सुताची करतात तशी. "भाऊ," त्या म्हणाल्या, "न हालनारा म्या त्याले एक खेप पाह्यला हाय. तसा मले पाह्यजे नाही." आणि गुंडाळी देवरावांच्या हातात परत दिली.

देवराव दिवसभर केबिनमध्ये बसून होते. फाटलेल्या भोकांवर दुसऱ्या फिल्मचे कपटे चिकटवत होते, आणि वाळले की पुढचं. मी चहा नेला तो तसाच गार झाला. बाबाराव बाहेर कुरकुरत होते, मशीन पेटलं तर माझा तंबू कोण भरून देईल म्हणून. पण वाळूच्या दोन बादल्या त्यांनी स्वतःच आणून ठेवल्या. दिवस मावळताना देवरावांनी पट्टी त्या रात्रीच्या पिक्चरच्या तोंडाला जोडली. "झोप आली गा मनोहर," ते म्हणाले. पण डोळे सताड उघडे होते.

गावात बातमी पसरली होती. तंबू भरून बाहेरही माणसं उभी होती, आणि आतला गलका कधी नव्हे तो अगदी बंद. रुखमाबाई पुढे, बायकांच्या मधोमध. मी त्यांच्या जवळच बाजूला उभा राहिलो. मशीन सुरू झालं, पडदा उजळला, खरखर झाली.

गबरू डाव्या बाजूने आला. त्याच्या मागे शालिक. पाय उघडे, सदरा फुगलेला, तोंड वासलेलं. "गबरू! ए गबरू!" आवाज तंबूभर झाला. धुऱ्यावरून तो पळत पळत मधे आला, आणि पळता पळताच त्याने मान वळवली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं. हे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक सिनेमावाल्यांनाही ते उशिरा दिसलं असावं, नाहीतर त्यांनी ठेवलं नसतं. तिथेच पट्टी अडकली. शालिक पडद्यावर मोठा होऊन थांबला, आमच्याकडे पाहत, आणि मधूनच एक तपकिरी डाग उठून पसरत गेला. मग सगळा पडदा पांढरा.

केबिनमध्ये धावपळ झाली, वाळू टाकल्याचा आवाज आला, जळक्याचा वास सुटला. एक-दोन बायका रडायला लागल्या. देवराव बाहेर आले ते भाजलेला हात पोटाशी धरून. माणसांच्या पायांमधून वाट काढत ते रुखमाबाईंपाशी आले आणि वाकून उभे राहिले. "माफ करा माय," ते म्हणाले. "नाही टिकला."

रुखमाबाई पांढऱ्या पडद्याकडेच पाहत होत्या. चष्मा डोळ्यांवर होता, त्यांनी तो काढला नाही.

"मी तेथंच उभी होती भाऊ, त्या कॅमेरेवाल्याच्या बाजूले," त्या म्हणाल्या. "म्या त्याले सांगून ठेवलं होतं, पय, पन इकडे माह्याकडे पाहू नोको. सायेब कावतीन." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तरी पाह्यलं त्यानं."

"हो माय," देवराव म्हणाले. "पाह्यलं."